टेपकाका

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी ते टेपकाका. बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले, खिशातली स्टीलची टेप मात्र अजून नोकरीत आहे. लग्नाला गेले की आधी मांडव मोजतात, मग जेवतात. ताजमहाल बघून आले तेव्हा ‘कसा वाटला?’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘मिनार ओळंब्यात नाहीत. बाहेर कललेत.’ (खरंच कललेत. मी नंतर शोधलं. काकांचा हाच त्रास आहे, ते चुकत नाहीत.)

गेल्या डिसेंबरात आम्ही दोन्ही कुटुंबं अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरचं आता श्रीविजयपुरम झालंय, पण तिथल्या सेल्युलर जेलची ओढ मराठी माणसाला जुनीच. गाईडने दारातच सुरुवात केली, ‘1896 ला काम सुरू, 1906 ला पूर्ण.’

‘दहा वर्षं? काँट्रॅक्टर कोण?’

‘साहेब, कैद्यांकडूनच बांधून घेतलं.’

‘म्हणजे मजुरी फुकट, तरी दहा वर्षं!’ काकांनी मान हलवली. मग विटांवर टिचकी मारली. विटा ब्रह्मदेशातून आणलेल्या हे कळल्यावर आणखी एक मारली. ‘बघा, अजून शाबूत. आमच्या सोसायटीला बारा वर्षांत तडे.’

मधे मनोरा आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती, असा मूळ नकाशा. आज तीनच उरल्यात. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराच दिसायचा नाही. बाबाराव सावरकर आधीपासून इथे होते, 1911 साली तात्याराव आले, आणि सख्ख्या भावांना कितीतरी दिवस एकमेकांचा पत्ता नव्हता. काका नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले. ‘प्लॅन हुशार माणसाचा आहे. मेल्याने अक्कल कुठे खर्च केली बघा.’

कोलूपाशी गाईड म्हणाला, दिवसाला 30 पौंड खोबरेल काढावं लागे. ‘साडेतेरा किलो,’ काका पुटपुटले. पाठोपाठ ‘नारळ किती लागत असतील?’ आलंच. काकूंनी त्यांना बाहीला धरून पुढे नेलं.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. तिथे आपली माणसं चपला काढतात, डोळे पुसतात, कुणीतरी सागराचं गाणं सुरू करतं. काकांनीही चपला काढल्या, हात जोडले, आणि टेप काढायच्या आधी काकूंनी डोळे वटारले. म्हणून त्यांनी मोजायला पलीकडची, रिकामी कोठडी गाठली. साडेतेरा फूट बाय साडेसात.

‘एकशे एक पॉइंट पंचवीस! अगं, आपल्या बेडरूमपेक्षा सव्वा चौरस फूट जास्त!’

‘मग राहा इथेच,’ काकू म्हणाल्या.

काकांचं लक्ष तेवढ्यात कडीकडे गेलं. इथली कडी दाराच्या जवळ नाही. लोखंडी दांडा लांबवर नेऊन भिंतीतल्या कोनाड्यात अडकवलाय, आतल्या माणसाचा हात काही केल्या तिथे पोचू नये म्हणून. काकांना हे पटेना. ‘गजांतून हात काढला तर पोचायला हवा. तुम्ही बाहेरून लोटा हो दार.’ मी लोटलं, दांडा सरकवला. काकांनी हात खांद्यापर्यंत बाहेर काढला. बोटं वळवळली. मग टेप बाहेर आली; तिचं टोक दोनदा भिंतीला लागून दुमडलं.

तेवढ्यात गाईडने फोटोला हाक मारली. मी गेलो, काकू गेल्या. ग्रुप फोटोत एक जण कमी, हे तिसऱ्या क्लिकला लक्षात आलं.

परत आलो तर काका गजांपाशी नव्हते. मागच्या भिंतीशी उभे राहून वरच्या झरोक्याकडे बघत होते. दार उघडल्यावर टेप खिशात घालत बाहेर आले. ‘किती कमी पडलं?’ मी विचारलं. त्यांनी ऐकलं नसावं.

रात्रीच्या लाइट अँड साउंड शोला ते आले, पण स्पीकर किती वॅटचे, हे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकूंचे डोळे लाल. ‘काय सांगू, यांनी रात्री खोलीची कडी लावूच दिली नाही. दार सताड उघडं! म्हटलं, चोर येईल. तर म्हणतात, येऊ दे.’

काका इडलीकडे बघत होते.

‘मी रात्रभर पर्स पोटाशी धरून बसले,’ काकू म्हणाल्या, ‘आणि हे घोरत होते.’