हातोडीबहाद्दर पूर्वमालकास खुले पत्र

आदरणीय पूर्वमालक महाशय,



आपल्याकडून घेतलेली १९५०च्या दशकातली दहा अश्वशक्तीची जॉन्सन सी-हॉर्स ही बोटीमागे लावायची मोटर घरी सुखरूप पोचली. "एका ओढीत सुरू होते," असं आपण जाहिरातीत म्हटलं होतं. कोणाच्या ओढीत, ते लिहायचं तेवढं राहून गेलं. इकडे मिशिगनमध्ये उन्हाळा आधीच तोकडा. त्यातला बराचसा मी दोरी ओढण्यात घालवला. दंड छान भरलेत. आभारी आहे.

प्लग नवे कोरे, कार्बोरेटर लखलखीत. म्हणजे दुखणं जिथे नव्हतं तिथे आपण हात अगदी सैल सोडलात. शेवटी फ्लायव्हील काढायला घेतलं. त्याच्या मध्यभागी आटे पाडलेली तीन भोकं असतात. पुलरचे बोल्ट त्यांत बसवायचे, मधला बोल्ट आवळायचा, की चाक टपकन सुटतं. आपण ती भोकं निष्ठेने अस्पर्श ठेवलीत. कडेखाली पहार आणि माथ्यावर हातोडी, एवढ्यावरच भागवलंत. क्रँकशाफ्ट वाकली नाही, हे तिचं पूर्वसंचित.

या मोटरला बॅटरी नसते, हे आपल्या कानावर आलं असेलच. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलवरून फिरतं, कॉइलमध्ये वीज खेळते आणि पॉइंट उघडले की हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. पॉइंट कधी उघडायचे, ते कॅम ठरवतो. त्याच्या एका बाजूवर 'टॉप' असं कोरलेलं असतं. आपण ती बाजू खाली घातलीत. टायमिंग बिघडणारच! पॉइंटमधली फट हवी वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. आपली बहुधा डोळ्यांनी मोजलेली. पॉइंट घासलेत पॉलिश पेपरने, आणि त्याचे कण तिथेच ठेवलेत, आठवण म्हणून. जुन्या स्कूटरचे पॉइंट साफ करणारा आमच्याकडचा पोऱ्यासुद्धा शेवटी कोरा कागद ओढून घेतो हो.

कॉइलचं तर काय सांगावं! वयोमानाने त्यांच्या आवरणाला तडे गेले होते, त्यात आपला दोष नाही. वीज त्या तड्यांतून लोखंडात पळून जाते. कॉइल बदलणं हा त्यावर सरळ उपाय. आपण तड्यांवर नेलपॉलिश लावलंत. गुलाबी. कंडेन्सर तेवढे आपल्या हाती लागले नव्हते; ते ठणठणीत निघाले.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये मिलवॉकीत अशा मोटरी विकायला सुरुवात केली. होणाऱ्या बायकोसाठी वल्हवत आणलेलं आइसक्रीम वितळलं, म्हणून ही कल्पना सुचली अशी दंतकथा आहे. पुढे १९३५मध्ये जॉन्सनही त्याच घराण्यात आली. आपल्यासारखं गिऱ्हाईक सुरुवातीलाच भेटतं, तर ते गृहस्थ निमूटपणे वल्हीच विकत बसले असते.

असो. नव्या कॉइल घातल्या, पॉइंट बदलले, कॅम उलटा होता तो सुलटा केला, त्याला वंगण पुरवणाऱ्या फेल्टवर तेलाचे थेंब सोडले. आता ठिणगी पाव इंचाची फट निळी होऊन ओलांडते आणि मोटर खरोखरच एका ओढीत सुरू होते. जाहिरात खरी केली. त्याचं बिल सोबत जोडलं आहे.

आपल्या गॅरेजच्या कोपऱ्यात एक जुनी एव्हिनरूडही दिसली होती. तिची सर्व्हिसिंग करायचं मनात असेल, तर हात जोडून विनंती: हातोडी उचलण्याआधी मला कळवा. आहे तशी घेऊन जातो. रोखीने.

आपला,
सी-हॉर्सचा सध्याचा मालक