बॅटरीचे वकील

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण कोण्या गॅरेजवाल्यानेच काढली असावी, अशी शंका जिंतूर रोडवर जुनी मारुती ८०० ढकलणाऱ्याला हमखास येते. निदान त्याने वाटेतच केलेलं असतं : बॅटरी गेली. मिस्त्री गाडीकडे बघतसुद्धा नाहीत. आधी चहा संपवतात, मग विचारतात, "गेली म्हणून कोण म्हणलं?"

मिस्त्री हे इलेक्ट्रिशियन कमी आणि बॅटरीचे वकील जास्त. गाडीत गुन्हा कुणीही करो, पकडून नेतात ते बॅटरीलाच, हे त्यांचं जुनं दुखणं. मग मालकाची उलटतपासणी सुरू होते.

"लाल दिवा लागतो का?"

"अजिबात नाही!" कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले साहेब अभिमानाने सांगतात.

"चावी फिरवल्यावरबी नाई?"

"कधीच नाही."

"मंग तोच तर फॉल्ट हाय, सायेब."

चावी फिरवली की तो दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही. साहेब मात्र त्याच अंधाराला तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला समजत आलेले असतात.

दिवा निर्दोष निघाला तर मीटर बाहेर येतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असावी आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा चौदापर्यंत चढावा. चढला नाही, तर मिस्त्री पट्टा अंगठ्याने दाबतात. मग घासलेले कार्बन, डायोड प्लेट, रेग्युलेटर असे एकेक संशयित हजर होतात. आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर सरळ आरोपी, कारण तो बॅटरीला उपाशी नाही, खाऊ घालून मारतो. पण मिस्त्रींचा खरा संशय अर्थच्या वायरीवर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की त्यांचा चेहरा खुलतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघणाऱ्या' लोकांवर त्यांचा भारी राग. "डायनामोच्या जमान्यात चालून गेलं. आता व्होल्टेज उसळतं अन् डायोड उडतात. म्हंजी तपासायला आलेलाच खून करून जातो!"

डिसेंबरात विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा घसरल्याची बातमी छापून आली की त्या सकाळी दुकानापुढे रांग लागते. सगळ्यांचा आरोप थंडीवर. मिस्त्री थंडीचंही वकीलपत्र घेतात. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो हे त्यांना मान्य आहे, पण तिची ताकद खाल्लेली असते ती मे महिन्यातल्या परभणीच्या उन्हाने. थंडी फक्त ते उघडकीस आणते.

एवढं कायदेशीर डोकं असूनही मिस्त्री एका ठिकाणी वर्षानुवर्षं हरत आले. नट आवळला, गरम पाण्याने टर्मिनल धुतलं, दहा मिनिटांत गाडी दिली आणि पैसे घेतले नाहीत, तर गिऱ्हाईक त्याच पावली दुसरीकडे जाऊन नवी बॅटरी बसवून यायचं. २०१४च्या जानेवारीत उत्पादन बंद झालेल्या गाडीला एवढा किरकोळ आजार असणं मालकाला अपमानास्पद वाटतं. ७९६ सीसीचं का होईना, इंजिन आहे. दुखणं भारदस्तच हवं.

म्हणून मिस्त्रींनी न्यायालयाची शेवटची युक्तीही उचलली. नट आता सकाळी दहालाच आवळलेला असतो, पण बॉनेट दिवसभर उघडं राहतं. दुपारी फोन आला तर "बघायलोय, सायेब," एवढंच उत्तर. गाडी संध्याकाळी सहाला मिळते. बिल तीनशे रुपये.

साहेब समाधानाने पैसे मोजतात आणि शेजाऱ्याला सांगतात, "लई मोठा फॉल्ट होता. मिस्त्रीला सुद्धा दिवस लागला."

नवी बॅटरी घ्यायला मात्र आता कुणी जात नाही.