चालू आठवड्याचा डॉक्टर

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं पोरगं शासकीय मेडिकलला लागलं, की अंगावर पांढरा कोट चढायच्या आधीच गल्ली त्याला 'डॉक्टर' म्हणू लागते. आमच्या डॉक्टरने ते फारच मनावर घेतलं. कॉलेजात शरीरातली जी संस्था शिकवायला घेतील, ती त्या आठवड्यात अख्ख्या पेठेला लागू.

हाडांच्या आठवड्यात तो एका बारशाला गेला. मोठ्या माणसाला हाडं २०६. जन्मताना मात्र ३००च्या आसपास असतात नि पुढे जुळत जातात, हे नुकतंच वाचलेलं. पाळण्यात वाकून म्हणाला, "ह्याला आपल्यापेक्षा शंभरभर हाडं जास्त हाईत." बाळाच्या आजीने घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला, "आता कुठल्या डॉक्टरला दाखवायचं गं?" शेजारी उभा असलेला डॉक्टर कुणाला आठवला नाही.

मग मज्जासंस्था. मिसळीच्या गाडीवर जादा कट मागून घ्यायचा नि कपाळाला घाम फुटला की व्याख्यान सुरू. "तिखट ही चवच न्हवं भावा! मिरचीतलं कॅप्सायसिन वेदनेच्या नसा चाळवतंय. मेंदूला वाटतंय, तोंड भाजलं." ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी नको, दूध प्या, असा गिऱ्हाइकांना सल्ला. गाडीवाला म्हणाला, "मग गंगावेशीत जाऊन म्हशीखाली बस की. हितं गर्दी कशाला?" (गंगावेशीतल्या दुधाचं मात्र खरं आहे. रात्री तिथे समोर धार काढून देतातही.)

तालमीतल्या वस्तादांपुढे मात्र त्याची डाळ शिजली नाही. त्यांचे दोन्ही कान जुन्या मल्लांचे असतात तसे, सुजून गड्डे झालेले. डॉक्टरने त्यातला एक चाचपला. "घासून, मार बसून कूर्चा नि तिच्यावरच्या आवरणामधी रक्त साकळतंय. कूर्चेला रक्त मिळंना, की ती मरती नि गाठ धरती. तवाच्या तवा सुईनं रक्त काढलं असतं, तर कान सरळ राहिला असता की मामा!"

वस्ताद दचकलेच. "सरळ? मग खासबागच्या कुस्ती मैदानात मला पैलवान कोण म्हटला असता रं?"

सध्या रक्ताभिसरण चालू आहे. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं, तेही जन्मभर विसावा न घेता, हे कळल्यापासून डॉक्टरची झोप उडालीय. बोटं सारखी मनगटावर. वाचलेला आजार आपल्यालाच झालाय असं वाटणं ही मेडिकलच्या पोरांची जगभरची खोड. पण आमच्या डॉक्टरने परवा तांबड्या रश्श्याची वाटी तशीच सोडली, तेव्हा मात्र घर हादरलं. ठोके ९८ भरले होते आणि त्यातला एक चुकला म्हणे.

आईने पुस्तकबिस्तक उघडलं नाही. मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या, त्याला पाटावर बसवलं आणि दृष्ट काढली. डॉक्टर हूं की चूं न करता बसला. आत तव्यावर मोहऱ्या तडतडल्या, तसा मनगटावरची बोटं न काढता म्हणाला, "आई, ७२ वर आलं बघ."