संयमी समाजसेवक

मालवण नगरपरिषदेचे आधीचे मतदान 2016 च्या नोव्हेंबरात झाले, पुढचे थेट 2 डिसेंबर 2025 रोजी. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. एवढा काळ फलकावरच्या ‘समाजसेवक, आपला माणूस’ उमेदवाराने सेवेची ऊर्मी कशी दाबून धरली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा हा होता कुठे, असे मालवणच्या मेढा-धुरीवाड्यातले शंकेखोर विचारतील. पण निवडणूक जाहीर होण्याआधी गटाराकडे पाहणे म्हणजे प्रशासकाच्या अधिकारात ढवळाढवळच की! शिवाय उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण यांना रकाने आहेत, समाजसेवेला नाही. मग ती बिचारी फलकावर नाही तर जाणार कुठे? खरे तर निवडणूक दर महिन्याला घ्यावी. पथदिवे लागतील, म्हाताऱ्यांची विचारपूस होईल, प्रत्येक दशावतारी नाटकाला प्रमुख पाहुणा मिळेल. खर्चाचा आक्षेप क्षुद्र आहे. उमेदवार तो हसत सोसतात आणि वसुलीची घाई करत नाहीत. त्यासाठी पाच वर्षे असतात. न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबरातल्या मतदानाची मोजणी 3 वरून 21 डिसेंबरवर गेली, तेव्हा ही सेवाही नियमाप्रमाणे मतदान यंत्रांसोबत सीलबंद झाली.