बँकरोल शिकवणाऱ्या सरांना खुले पत्र

बँकरोल सर,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजावत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी भिसेगावचा. कर्जत स्टेशनाला लागून असलेलं आमचं गाव तुम्ही पाहिलं नसेल, पण आमची पोरं तुम्हाला चांगली ओळखतात. मुंबईपर्यंत लोकलमध्ये दोन तास मोबाइल हातात असतो आणि मोबाइलमध्ये ऑनलाइन कॅसिनो खेळायला शिकवणारे तुम्ही असता. "जुगाऱ्यासारखं खेळू नका, शिस्तीत खेळा," असं तुम्ही त्यांना सांगता. शिस्त लावणारे गुरुजी म्हणून तुमचा सत्कारच करायला हवा!

आमच्या आळीतल्या एका मुलाची वही त्याच्या आईने माझ्यासमोर आणून ठेवली. मुलगा खोपोलीला कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. वहीत समास आखलेला, डावीकडे 'लाल', 'काळा', आणि उजवीकडे १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. त्याखाली तुमचं वाक्य, दोनदा गिरवलेलं: 'लॉस कव्हर होतोच.' माउलीला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की भिशीचे पैसे घरात नाहीत.

म्हणजे हरलं की पुढच्या डावाला दुप्पट लावायचं, जिंकलं की पुन्हा शंभरापासून. सर, त्या आकड्यांची बेरीज तुम्ही मुलांना कधी करून दाखवलीत का? मी करतो. ते सात आकडे मिळून १२,७०० रुपये होतात. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात; लाल १८, काळी १८ आणि एक हिरवं शून्य. लालवर लावलं तर जिंकणारी घरं १८, हरणारी १९. ओळीने सात वेळा हरण्याची पाळी साधारण १०६ मालिकांत एकदा येते. उरलेल्या १०५ मालिकांत मिळतात प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे १०,५०० आणि त्या एका मालिकेत जातात १२,७००. आठव्या वेळी १२,८०० लावायचे, तर खिसा रिकामा असतो किंवा टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. तुमचा विद्यार्थी महिनाभर रोज थोडं थोडं जिंकतो, तुमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो आणि एका रात्रीत सगळं घालवतो. त्या रात्रीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टिकत नाही.

तुमचा दुसरा धडा असा, की एका डावाला बँकरोलच्या, म्हणजे खेळायला बाजूला काढलेल्या रकमेच्या, एक-दोन टक्क्यांहून जास्त लावू नका. ऐकायला शहाणपणाचं आहे. पण शंभर रुपये लावले की सरासरी दोन रुपये सत्तर पैसे टेबलाचेच, मग तुम्ही एक टक्का लावा नाहीतर दहा. भोक पडलेल्या कणगीतून भात हळू गळला, म्हणून कणगी भरत नाही. पैज किती लावावी याचं ज्या गणितावर तुमच्यासारखे लोक शिकवण्या घेतात, ते जॉन केली यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मांडलं. आपली बाजू वरचढ असेल तर किती लावायचं, ते त्यात निघतं. बाजू लंगडी असेल तर उत्तर शून्याच्याही खाली जातं, म्हणजे काहीच लावू नका. हे पान तुम्ही नेमकं फाडून शिकवता.

बॅकरा या पत्त्यांच्या खेळातही तेच. तिथे 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, आठपट मिळतं म्हणून पोरं भुलतात आणि शंभरामागे सरासरी चौदा रुपये घालवतात. मागच्या वीस डावांचा जो रंगीत तक्ता स्क्रीनवर दिसतो, त्यात तुम्ही 'पॅटर्न' शोधायला लावता. चाकाला मागचा डाव आठवत नाही, सर. रीगा किंवा तिबिलिसीच्या स्टुडिओत बसून तुमच्या स्क्रीनवर पानं वाटणाऱ्या मुलीलाही भिसेगाव ठाऊक नाही.

मग तुम्हाला यात मिळतं काय? या धंद्यात कॅसिनोची लिंक देणाऱ्याला गिऱ्हाईक आणल्याबद्दल कमिशन असतं आणि पुष्कळ ठिकाणी ते गिऱ्हाइकाच्या तोट्यातला हिस्सा म्हणून मिळतं. म्हणजे शिष्य जिंकला तर गुरूला काही नाही आणि बुडाला तर गुरुदक्षिणा. मला सर्वांत जास्त चीड याची येते. आणि ही दक्षिणा येते कुठून? बाजूच्या गावांत फार्महाऊसला जमिनी विकून घराघरांत पैसा आला. बापाने मुलाच्या नावावर ठेवलेल्या त्या पैशाला तुम्ही 'बँकरोल' म्हणता. आमच्याकडे त्याला वडिलोपार्जित शेत म्हणतात.

कायदा तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द करायचं ठरवलं. गोव्याच्या तिजोरीत कॅसिनोचा पैसा पडतो, पण त्या सरकारनेही १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. घरच्या माणसांना वाचवायचं, एवढं त्यांनाही कळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

'खेळणाऱ्याला शिक्षा नाही' हे वाक्य कर्जत-खालापूरच्या आईबापांनी नीट वाचावं. मुलगा अडकला असेल तर पोलिसांना भिऊन गप्प बसू नका, त्याला मारझोडही करू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा. पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ वर बोला. आणि 'लॉस कव्हर' करायला त्याला आणखी एक रुपयाही देऊ नका.

सर, तुम्ही तेवढं चॅनेल बंद करा.

भिसेगावचा एक रहिवासी