ज्याच्या नावाचं कुंकू

केमचं नाव निघालं की लोकांना कुंकू आठवतं. गाव करमाळा तालुक्यातलं. रेल्वेनं जेऊर सोडलं की कुर्डुवाडीच्या अलीकडे लागतं. इथल्या कारखान्यात काम करणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. भुवया लाल, कानाच्या पाळ्या लाल, बनियन लाल. बोटांच्या रेषांत कुंकू असं भरतं, की मोबाईल आपल्याच मालकाचा अंगठा ओळखत नाही.

या गावात राहून मी दर वर्षी पॅरिसातला सोन्याचा चेंडू कोणाला मिळणार हे सांगतो. त्याला बॅलन डी'ऑर म्हणतात. भाचा फुटबॉलवेडा, आणि त्याच्या मोबाईलमधून ही साथ मला लागली. फुटबॉलला पायानं मी कधी शिवलेलो नाही, पण राजकारणावर बोलायला आमदार व्हावं लागत नाही, तसंच हे.

बाईनं नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावावं, तसं मी एका खेळाडूच्या नावाचं लावून बसतो. एकदा लावलं की निकालापर्यंत निष्ठा. अडचण एवढीच, की मी ज्याच्या नावाचं कुंकू लावतो त्याचं काही खरं नसतं.

२०१० साली स्नायडरचं लावलं. गड्यानं इंटर मिलानला तीन मोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या होत्या, शिवाय हॉलंडला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेलं होतं. तो पहिल्या तिघांतही आला नाही. २०१३ ला रिबेरीचं लावलं, तो तिसरा. २०२० ला मात्र मी निर्धास्त होतो. लेवांडोव्स्की असा गोल करत होता जसा आमच्याकडे उन्हाळ्यात वारा धूळ उडवतो, थांबायचं नावच नाही. समोर कोणी उभंच नव्हतं. तेव्हा संयोजकांनी करोनाचं कारण सांगून त्या वर्षीचा पुरस्कारच रद्द केला. १९५६ पासून एकदाही खंड पडला नव्हता. माझ्या कुंकवानं तोही पाडला.

पुढच्या वर्षी मी हट्टानं पुन्हा लेवांडोव्स्कीचंच लावलं. मेस्सीला ६१३ गुण, याला ५८०. मेस्सीनं व्यासपीठावरूनच सांगितलं की मागच्या वर्षीचा मान खरा तुझाच होता. मंगल कार्यालयात नवरीनं येऊन ‘तुमचं स्थळ चांगलं होतं हो’ म्हणावं, तसलं ते सांत्वन.

मेस्सीचंच नाव का घेत नाही, असं भाचा विचारतो. घेतलं असतं तर आठ वेळा बरोबर आलो असतो, मान्य आहे. पण सगळ्या जगाला दिसतंय तेच सांगायचं, तर त्याला भाकीत कशाला म्हणायचं? आषाढात पाऊस पडेल असं सांगण्यासारखंच ते. (करमाळा तालुक्यात तेही धाडसाचंच आहे म्हणा.)

मग आलं २०२४. २८ ऑक्टोबर, नेमकी वसुबारस. कारखान्यात दिवाळीच्या मालाची घाई, आणि मी व्हिनिसियसच्या नावाचं कुंकू लावून बसलेलो. या खेपेला मी एकटाही नव्हतो, निम्मं जग माझ्या बाजूला होतं. त्याचा माद्रिदचा क्लब तर गुडघ्याला बाशिंग बांधून होता. मग बातमी आली, की नवरदेवासकट अख्खी वरात घरीच बसली आहे. मांडवात दुसऱ्याच्या गळ्यात माळ पडणार याचा सुगावा लागला होता म्हणे. मध्यरात्र उलटल्यावर रॉड्री कुबड्या टेकत आला आणि चेंडू घेऊन गेला. ४१ गुणांचा फरक.

‘‘आवो मामा,’’ भाचा म्हणाला, ‘‘तुमी त्याला कशाला हात लावला?’’

त्यानंतर मी नीट अभ्यास करायचं ठरवलं. हे लग्न ठरतं कसं ते तरी कळावं. कळलं ते असं: फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांतला एकेक पत्रकार मत देतो. तीस जणांच्या यादीतून दहा नावं निवडायची, पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, असं उतरत उतरत दहाव्याला एक. मी ताबडतोब भारताचं मत कोण देतो ते शोधायला लागलो. निदान त्याला पत्र तरी लिहावं. पण भारत शंभरात नाहीच. ज्या पंगतीत आपलं पान नाही, तिथल्या जिलबीवरून आम्ही मामा-भाचे भांडत होतो!

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग आता तरी झोपा.’’

झोपलो नाही. २०२५ ला यामालचं लावलं. पोरगं अठरा वर्षांचं, पण पायांत अशी लबाडी की समोरचा बचावपटू भर सभेत धोतर सुटल्यासारखा उभा राहायचा. भाच्यानं चौकात जाहीर केलं, ‘‘मामा यामाल म्हणतायत, म्हणजे डेम्बेले.’’ पोरांनी माझ्या नावावर उलट्या पैजा लावल्या, भज्यांच्या प्लेटीच्या. गावात निवडणूक आली तेव्हा तर एका उमेदवाराचा माणूस येऊन हात जोडून म्हणाला, ‘‘काका, तुमचा पाठिंबा आमच्या विरोधकाला असू द्या.’’

२२ सप्टेंबर म्हणजे घटस्थापना. नवरात्राचा माल बाहेर पडून आम्ही दमलेलो. रात्री उशिरा कारखान्याच्या ओट्यावर मोबाईल मध्ये ठेवून बसलो. बाजूला भज्यांचा कागद. यामाल दुसरा आला. डेम्बेले व्यासपीठावर गेला आणि रडायला लागला. मग त्याची आई वर आली. ओट्यावरची मंडळी गप्प झाली. हा गडी वर्षानुवर्षं पायाच्या दुखण्यानं बाकावर बसलेला, हे भाच्यानं हळूच सांगितलं. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. कुंकूच असणार.

चित्र मोठं करावं म्हणून मी काचेवर अंगठा ठेवला. अंगठा उचलला तर डेम्बेलेच्या बरोबर कपाळावर लालभडक टिळा.

‘‘पुसा, मामा, पुसा लौकर!’’ भाचा ओरडला.

‘‘घटस्थापनेच्या रात्री कुंकू पुसू?’’ मी म्हणालो.

भाच्यानं शेवटचं भजं उचललं आणि डेम्बेलेकडे बराच वेळ बघत राहिला. ‘‘गेला बिचारा,’’ म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी ह्याचं अवघड आहे.’’