फाउस्टिनाचा अंबाडा

आमच्या नाशिक रोडला नोटांचं कुणाला अप्रूप नाही. १९२८ पासून त्या इथेच छापल्या जातात. प्रेसमध्ये कामाला असलेल्या माणसाला मात्र लग्नाकार्यात एकच विनोद ऐकावा लागतो, येताना दोन बंडलं आणायची की हो! शेजारचे काका हे ऐकत ऐकत निवृत्त झाले. नोटेतली चूक हेरण्यात जन्म गेला. आता लग्नपत्रिकासुद्धा उजेडात धरून वाचतात.

परवा त्यांना मोबाइलवर एक रोमन नाणं दाखवलं. कांशाचं, हिरवट पडलेलं. त्यावर फाउस्टिना, सम्राट अँटोनायनस पायसची बायको. ती इ.स. १४०च्या सुमारास गेली. नवऱ्याच्या राज्यात तिला देवीपद मिळालं आणि तो स्वतः १६१ मध्ये जाईपर्यंत तिच्या नावाची नाणी पडत राहिली. एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला कधी जूनो, कधी हातात कणसं घेतलेली सेरेस. म्हणजे तिकडची अन्नपूर्णाच.

काकांनी भिंग लावलं. "छाप सरकलाय. आमच्याकडे रिजेक्ट झालं असतं."

काकू मागून डोकावल्या. त्यांना दिसला तो अंबाडा. वेण्या गुंडाळून थेट टाळूवर बसवलेला. "मान अवघडत नसेल का हो हिची?" मग जरा थांबून, "बायको गेल्यावर वीस वर्षं नाणी काढली?"

काका भिंग पुसायला लागले.

आपल्या लोकांची बाजू सावरावी म्हणून मी जोगलटेंभी काढली. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. नहपानाच्या नाकाडावर डोंगर येऊन बसलाय, भोवती अक्षरं. त्या अक्षरांत राजाच्या नावाआधी आईचं नाव, गोतमीपुत! रोमने बाईचा मुखडा मिरवला. आपल्याकडे नुसतं नाव, पण शत्रूच्या तोंडावर उमटवलेलं. मला विचाराल तर हे जास्त झणझणीत. त्याच गौतमी बलश्रीचा लेख पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यात आहे, लेकाचं तोंडभरून कौतुक करणारा.

"आईच ना," काकू म्हणाल्या. "बायको कुठंय?"

सातवाहनांच्याच नागनिका राणीचं नाव नवऱ्याच्या नावासोबत नाण्यावर आलंय, हे मला आठवेपर्यंत त्या आत गेल्या होत्या. परतल्या त्या लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं घेऊन.

"हिचाही छाप सरकलाय का, बघा."

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.